शरीराबाहेर शुक्राणू किती वेळ जगतात?

शुक्राणू शरीराबाहेर किती वेळ जगतो, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. तो कोठे पडला आणि भोवतीचे वीर्य किती वेळ ओले राहिले, यावर सारे अवलंबून असते. कपड्यावर किंवा हातावर पडलेला पातळ थर काही मिनिटांत सुकतो आणि तो सुकला की शुक्राणू मरतात. डाग नंतर ओला केला तरी ते पुन्हा जिवंत होत नाहीत. न्यायवैद्यक तपासणीत जुन्या डागांतही शुक्राणूंची डोकी सापडतात, पण ती केवळ ओळख पटवण्याच्या कामाची. साध्या पाण्यातही त्यांचा निभाव लागत नाही, कारण पाण्यात क्षार फारच कमी असल्याने ते पेशीत शिरते, पेशी फुगते आणि शेपटीची गुंडाळी होते. त्यामुळे पोहण्याच्या तलावातून किंवा शौचालयाच्या आसनावरून गर्भ राहण्याची भीती निराधार आहे.

स्त्रीच्या शरीरात, गर्भाशयमुखाच्या पातळ स्रावात, हेच शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. तपासणीसाठी दिलेला नमुना मात्र तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, आणि वाटेत तो गार पडू नये म्हणून डबी अंगालगत ठेवायला सांगतात.

शुक्राणू गोठवून दीर्घकाळ साठवायचे तर थंडीचा प्रश्न अवघड होता, कारण गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक पेशीची नासधूस करतात. 1949 मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या ब्रिटिश संशोधकांनी ग्लिसरॉल (म्हणजेच ग्लिसरीन) वापरून ही अडचण दूर केली. गंमत म्हणजे साखरेचे द्रावण समजून वापरलेल्या बाटलीत प्रत्यक्षात ग्लिसरॉल होते. 1953 मध्ये गोठवलेल्या शुक्राणूंपासून मानवी गर्भधारणा झाल्याचे अमेरिकेतून जाहीर झाले. उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये पेशीतील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात, त्यामुळे तेथे शुक्राणू दशकानुदशके टिकतात.

गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनामुळे हे तंत्र आपल्या गोठ्यांपर्यंत केव्हाच पोहोचले आहे. तंत्रज्ञ नायट्रोजनच्या भांड्यातून रेतमात्रेची बारीक कांडी काढतो, ती साधारण 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि कापण्यापूर्वी कोरडी पुसतो, कारण बाहेरचा पाण्याचा थेंब आत गेला तर वर्षानुवर्षे जपलेले शुक्राणू तेथेच मरू लागतात.