नाशिकच्या पार्सलला नागपूरचा दर

दिवाळीच्या आधी इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. चिवडा, अनारसे आणि अर्थातच इंदुरी शेव. नागपूर, पुणे, नाशिकला गेलेल्या नातलगांचे डबे इथूनच भरतात. हिशेबाची एक्सेल फाइल माझ्या गळ्यात. तिच्यात पार्सलच्या दरांचं कोष्टक आहे: डावीकडे खाली खाली वजनं ०, १, ५, १० किलो आणि वर शहरं नागपूर, पुणे, नाशिक. दर काढणाऱ्या सूत्रात इंडेक्स, म्हणजे सांगितलेल्या ओळ-कॉलममधला आकडा उचलणारं फंक्शन, आणि त्याच्या पोटात दोन मॅच, म्हणजे यादीत एखादी गोष्ट कितवी ते सांगणारं फंक्शन: एक ओळ शोधतो, दुसरा कॉलम.

गेल्या वर्षी नाशिकच्या सगळ्या पार्सलांना नागपूरचा दर लागला. एरर नाही, काही नाही. काकूंनीच पकडलं: "अरे, नाशिकचे पैसे एवढे कमी कसे?" शहर शोधणाऱ्या मॅचमध्ये शेवटचा शून्य, म्हणजे 'अचूक जुळणीच हवी' ही खूण, लिहायचा मी विसरलो होतो. तो नसला की एक्सेल तिथे १ धरतं, म्हणजे 'नेमकं नाही सापडलं तर त्याच्या लगेच खालचं, म्हणजे क्रमाने त्याच्या आधीचं, दे'. असं का, हे कळायला १९७९ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा हिशेबाचा प्रोग्राम, ॲपल टू या संगणकावर आलं. त्यातलं लुकअप, म्हणजे कोष्टकात शोधणारं फंक्शन, फ्रँक्स्टननी घातलं ते स्वतःचा आयकर त्यात काढता यावा म्हणून. आता कराचं कोष्टक डोळ्यांसमोर आणा. तुमचं नेमकं उत्पन्न त्यात कधीच छापलेलं नसतं. ते कुठल्या टप्प्यात बसतं एवढंच बघायचं असतं. आकडे चढत्या क्रमाने असतात, त्यामुळे लगेच खालचा टप्पा हेच बरोबर उत्तर. नावं शोधायला हे हत्यार घडवलेलंच नव्हतं.

पुढे १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ हे दुसरं स्प्रेडशीट आलं, त्यात उभा शोध व्हीलुकअपकडे आणि आडवा एचलुकअपकडे गेला. एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. लोटसचं गिऱ्हाईक ओढायचं म्हणजे त्याच्या सवयीही पाळायच्या. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, ती चूकसुद्धा एक्सेलने जशीच्या तशी ठेवली. टप्प्यांचा शोधही तसाच राहिला. व्हीलुकअपमध्ये अचूक जुळणी हवी तर शेवटी फॉल्स लिहायचं, नाही लिहिलं तर जुनीच रीत.

ही रीत यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरते आणि थेट मध्ये उडी मारते. माझ्या तीन शहरांत मधलं पुणे. 'न' वर्णमालेत 'प' च्या आधी, म्हणून नाशिक पुण्याच्या डावीकडेच असणार असं तिने ठरवलं. डावीकडे एकटं नागपूर. 'ग' हा 'श' च्या आधी येतो, म्हणजे नागपूर 'लगेच खालचं', आणि दर तिथला उचलला. तिसऱ्या कॉलममधल्या खऱ्या नाशिककडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी घाईत दोन्ही मॅचना शून्य लावला. 'डोळे मिटून शून्य लावा' हा सल्ला सगळेच देतात. ७.२ किलोच्या पार्सलवर लगेच #एन/ए ('सापडलं नाही') उभं राहिलं, कारण कोष्टकात ७.२ नाहीच, तिथे ५ ची ओळ हवी. वजन हे कराच्या टप्प्यांसारखं, शहर हे नावासारखं. एकाच सूत्रात दोन स्वभाव. शून्यानंतर पुण्याची दोन पार्सलंही अडली, ती मात्र नावामागे चिकटलेल्या स्पेसमुळे. जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम फंक्शनने ते मिटलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सलुकअप हा एक्सेलमधला नवा लुकअप जाहीर केला. त्यात काही न लिहिता अचूक जुळणी मिळते, टप्पा हवा असेल तर तसं सांगावं लागतं. म्हणजे चाळीस वर्षांनी गाडी उलटी फिरली. एकात एक एक्सलुकअप घातला की ओळ आणि कॉलम दोन्ही सापडतात. पण काकूंच्या लॅपटॉपवर एक्सेल २०१६ आहे, तिथे तो लिहिला की #नेम? ('हे नाव ओळखीचं नाही') येतं. म्हणून यंदाही इंडेक्स आणि दोन मॅच: वजनाला १, शहराला ०, दोन्ही स्वच्छ लिहून.