दुकानासाठी बँकेतून सुटे पैसे: अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात आणि गाडं कुठे अडतं

शाळेसमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. सकाळी शाळा भरायच्या आधीच्या अर्ध्या तासात चाळीस-पन्नास मुलं येतात. हातात पन्नासची नोट आणि हवा असतो तीन रुपयांचा खोडरबर. मोठी माणसं मोबाईलवरून पैसे देतात, मुलं नाही. अशा वेळी गल्ल्यात मोड नसेल तर एक तर उधारी लिहायची किंवा मुलाच्या हातावर गोळी टेकवायची. गोळी देणं मला पटत नाही, ते पैसे त्या मुलाचे असतात.

म्हणून मोड बँकेतूनच आणायची सवय लावली. आजूबाजूचे दुकानदार मात्र शाखेतून हात हलवत परत येताना दिसतात. चूक बहुतेक वेळा त्यांची नसते, पण मागणी कशी करायची हे कोणी सांगितलेलं नसतं.

पात्रतेचं म्हणाल तर ती सोपी आहे. सर्व मूल्यांच्या नोटा आणि नाणी मागणीप्रमाणे द्यायची, मळक्या-फाटक्या नोटा बदलून द्यायच्या आणि नाणी स्वीकारायची, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांच्या शाखांना आहेत. ही सोय कोणताही भेदभाव न करता सर्वांसाठी आहे. तरी स्वतःचं चालू खातं असलेल्या शाखेतच आधी जा, तिथे ओळख असते आणि पैसे खात्यातूनच वळते करता येतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. आपल्याकडे निम्मे दुकानदार रोजचा भरणा पतसंस्थेत करतात आणि मोडही तिथेच मागतात. रिझर्व्ह बँकेच्या या सूचना पतसंस्थेला लागू नाहीत, तिथे हक्काने भांडता येत नाही.

आता खरी अडचण. काउंटरवर जाऊन "साहेब, सुटे आहेत का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नाहीत, उद्या या." कॅशियर दर वेळी खोटं बोलतो असं नाही. नाणी सरकारी टांकसाळीत पडतात, रिझर्व्ह बँक ती वाटपासाठी करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांचा साठा ठेवायची तिजोरी) असलेल्या शाखांकडे पाठवते आणि बाकीच्या शाखा तिथून मागवतात. तुमच्या शाखेने मागवलीच नसतील तर त्या दिवशी ती खरोखरच नसतात. पण मागणी कागदावर आलीच नाही, तर ती पुढे तरी कशी जाणार? म्हणून दोन गोष्टी करा. शाखेची करन्सी चेस्ट कुठे आहे ते विचारून घ्या आणि शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्या.

"सुटे पैसे मिळावेत" एवढंच लिहिलेला अर्ज उपयोगाचा नाही. मूल्य आणि नग लिहा. मी असं लिहितो: 10 च्या नोटांची शंभर-शंभरची 2 बंडलं, 5 ची नाणी 200, 2 ची नाणी 200, 1 ची नाणी 100, एकूण रुपये 3500, माझ्या चालू खात्यातून वळते करावेत. नग शंभराच्या पटीतच मागा, कारण नाणी साधारणपणे शंभर-शंभरच्या प्लास्टिक पाकिटांत येतात. पाकीट फोडून साठ नाणी मोजून द्यायला भर गर्दीत कोणी तयार होत नाही.

सोबत आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि दुकानाचा पुरावा ठेवा. या पुराव्यावरून फार माणसं परत फिरतात. शाखेत "शॉप अ‍ॅक्ट लायसन" मागतात आणि दुकानदार म्हणतो, माझ्याकडे नाही. अहो, ते नसणारच! महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणी दाखला लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. तीच पावती दाखवा आणि शांतपणे सांगा की आमच्यासाठी कागद हाच.

यापुढचा कागद मात्र खरोखरच कोणाकडे नसतो. तो म्हणजे पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घ्या. एका शाखेत माझा अर्ज "ठेवून जा" म्हणून घेतला. आठवड्याने गेलो तर "कसला अर्ज?" म्हणाले. माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. पुढच्या वेळी पोच घेतली आणि चौथ्या दिवशी फोन आला, पाकिटं आलीत, घेऊन जा. शिक्का द्यायला कुरकुर झाली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा किंवा शाखेच्या ईमेलवर टाका.

एवढं करूनही नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करायला पैसे पडत नाहीत, चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, लोक मागणीचा अर्जच तक्रार म्हणून जोडतात. मागणी वेगळी आणि "मागणी केली, नकार मिळाला" अशी बँकेकडे दिलेली लेखी तक्रार वेगळी. ही दुसरी नसेल तर प्रकरण दाखलच होत नाही. दुसरी चूक 30 दिवसांची. हे 30 दिवस तुमच्यासाठी नसून बँकेने उत्तर द्यावं म्हणून आहेत. कोणी तिसऱ्याच दिवशी लोकपालाकडे धावतो आणि तक्रार परत येते, कोणी महिना उलटला म्हणून मुदत संपली समजून कागद फाडून टाकतो. 1 जूनला बँकेकडे तक्रार दिली असेल तर जूनभर थांबा. बँकेने आधीच नाकारलं किंवा उत्तर पटलं नाही तर 30 दिवस पुरे होण्याची वाट पाहायची गरज नाही.

उलटा त्रासही असतोच. गल्ल्यात नाणी साठतात आणि बँक भरणा घेत नाही. "हजारापेक्षा जास्त नाणी घेत नाही, कायदा आहे," असं सांगतात. 2011 च्या नाणे कायद्यातली हजार रुपयांची मर्यादा ही रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी देणं चुकतं करण्याबद्दल आहे. ग्राहकाने खात्यात किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. काही बँका मोजणीचं शुल्क लावतात, दरपत्रक आधी पाहून घ्या. नाणी मूल्याप्रमाणे वेगळी करून शंभराची पाकिटं बांधून नेलीत तर नकाराला जागाच उरत नाही.

दहाचं नाणं चालत नाही ही अफवा अजून पुरती मेलेली नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं की तोवर निघालेली चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. दुकानात तशी पाटी लावा, मी लावली आहे. बंद झाली आहेत ती 25 पैसे आणि त्याखालची नाणी, 30 जून 2011 पासून. पन्नास पैसे आजही कायदेशीर आहेत.

मळक्या नोटा दिवसाला 20 नग आणि 5000 रुपयांपर्यंत काउंटरवर विनाशुल्क बदलून मिळतात. त्याच फेरीत त्याही उरकून घ्या.

न्यायला कापडी पिशवी जाड असू द्या, दहाच्या शंभर नाण्यांचं एक पाकीटच पाऊण किलोपेक्षा जास्त भरतं. आणि पाकिटं खिडकीसमोरच मोजा. शिवण उसवलेलं किंवा सील सुटलेलं पाकीट तिथेच परत करा, दुकानात येऊन दोन नाणी कमी भरली तर ती तुमच्याच खिशातून जातात.