क्रियापद कुठून पाहतं?

इंदूरच्या मराठी घरातलं मूल निबंधात लिहितं, ‘आय हॅड गॉन टु उज्जैन यस्टरडे.’ लाल शाईने ‘हॅड गॉन’ खोडलं जातं, वर ‘वेंट’ येतं, आणि पुढच्या निबंधात पुन्हा ‘हॅड गॉन’ हजर असतं. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. माझं म्हणणं उलट आहे. हे मूल फार काळजीपूर्वक बोलतंय, फक्त काळजी मराठीची घेतंय.

‘काल मी उज्जैनला गेलो होतो’ या वाक्यातलं ‘होतो’ उगाच आलेलं नाही. गेलो, दर्शन घेतलं, संध्याकाळच्या बसने परतलो, विषय संपला, एवढं सगळं ते सांगतं. तेच ‘बाबा उज्जैनला गेलेत’ म्हटलं की बाबा अजून तिकडेच आहेत. हिंदीतल्या ‘गए थे’ आणि ‘गए हैं’ यांतही हाच भेद. राजेंद्रनगरच्या घरात कानावर पडणारी भाषा आणि खाली गल्लीत क्रिकेट खेळताना कानावर पडणारी भाषा, दोन्ही मुलाला एकच धडा देतात: जाऊन-येऊन झालेल्या गोष्टीला ‘होतो’ लावायचं. इंग्रजीचं ‘हॅड’ दिसायला या ‘होतो’सारखं आहे, पण त्याचं काम निराळं आहे. ते काम बारा खणांचा तक्ता पाठ करून कळत नाही. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, असा तो तक्ता फक्त रूपं कशी बनवायची एवढंच दाखवतो.

हे कोडं सोडवायला मदत झाली ती व्याकरणाच्या बाहेरच्या एका माणसाची. हान्स रायशेनबाख हा जर्मन तत्त्वज्ञ मुळात सापेक्षता सिद्धान्त आणि अवकाश-काळ यांवर विचार करणारा. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याला जर्मनी सोडावी लागली. आधी इस्तंबूलला आणि १९३८ पासून लॉस एंजेलिसला तो शिकवत होता. १९४७ साली त्याने तर्कशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्यातली थोडी पानं इंग्रजी क्रियापदांना दिली. त्या थोड्या पानांवर भाषाशास्त्रज्ञ आजही वाद घालतात.

रायशेनबाखचं म्हणणं असं, की क्रियापदाचा काळ समजायला दोन क्षण पुरत नाहीत, तीन लागतात. एक, आपण बोलतो तो क्षण. दुसरा, घटना घडली तो क्षण. आणि तिसरा, जिथे उभं राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण; याला संदर्भबिंदू म्हणू. ‘आय वेंट टु उज्जैन यस्टरडे’ यात घटना कालची आणि पाहण्याची जागाही कालचीच. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ यात आपण कालच्या दिवसात, स्टेशनात पोचलो त्या क्षणी उभे राहतो आणि तिथून आणखी मागे पाहतो. गाडी त्याआधीच सुटलेली. इंग्रजीच्या ‘हॅड’ला ही मधली पायरी हवीच. ती समोरच्या वाक्यात असेल, आधीच्या परिच्छेदात असेल, पण कुठेतरी असायला हवी. म्हणून ‘हॅड गॉन’ लिहिणाऱ्या मुलाला ‘चूक’ म्हणण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: कशाच्या आधी? उत्तर असेल तर ‘हॅड’ ठेव. नसेल तर ‘वेंट’.

आता ‘हॅव’. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणणारा माणूस बंद दारासमोर उभा असतो. किल्ली हरवली मागे, पण पाहण्याची जागा आत्ताची आहे, त्यामुळे वाक्याचा रोख आत्ताच्या परिस्थितीवर राहतो. ‘आय हॅव गॉन यस्टरडे’ इंग्रजी कानाला का खटकतं तेही इथे कळतं. ‘यस्टरडे’ आपल्याला काल उभं करतं, ‘हॅव’ आत्ता उभं करतं, आणि एका वाक्यात दोन्हीकडे उभं राहता येत नाही.

या ‘हॅव’ची पकड किती सूक्ष्म आहे, याचं एक उदाहरण इंदूरकरांना जवळचं वाटेल. लता मंगेशकरांचा जन्म इथला, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्या हयात होत्या तोवर ‘लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ हे वाक्य निर्दोष होतं. ६ फेब्रुवारी २०२२ नंतर ते नीट बसेना. तिथे ‘सँग’ आलं. गाणी तीच, भाषा तेवढ्याच, पण ‘हॅज’ला कर्त्याचा वर्तमानाशी धागा लागतो आणि तो तुटला होता. राहुल द्रविडही जन्माने इंदूरचा, १९७३ चा. त्याने खेळणं थांबवलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी ‘द्रविड हॅज प्लेड १६४ टेस्ट मॅचेस’ आजही चालतं. गंमत अशी, की ‘धिस साँग हॅज बीन संग बाय लता मंगेशकर’ हेही चालतं, कारण तिथे वाक्य गाण्याबद्दल आहे आणि गाणं आपल्यातच आहे. व्याकरणाचा एक एवढासा शब्द माणूस हयात आहे की नाही याची दखल घेतो, हे मला दरवेळी थक्क करतं.

हे ‘हॅव’ आलं कुठून? जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं’ अशा अर्थाची रचना होती. हळूहळू मालकीचा अर्थ झिजला आणि ‘मी पत्र लिहिलंय’ एवढाच उरला. फ्रेंच, जर्मन, इटालियन यांनीही हीच वाट धरली. मराठी-हिंदीत मालकी सांगणारं असं क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याकडे आहे’, ‘मला आहे’ म्हणतो, तेव्हा आपला पूर्णकाळही ‘आहे’वरच उभा राहिला. पुढे जर्मन आणि फ्रेंच बोलीत हा ‘हॅव’वाला प्रकार साध्या भूतकाळाचं काम करू लागला, जर्मन माणूस त्याच्याबरोबर ‘काल’ बिनदिक्कत वापरतो. इंग्रजीने मात्र वेगळेपण जपलं, तेही सगळीकडे सारखं नाही. ब्रिटनमध्ये ‘हॅव यू ईटन?’ विचारतील तिथे अमेरिकेत ‘डिड यू ईट?’ सर्रास ऐकू येतं. आपलं ‘जेवलास का?’ त्या अमेरिकन प्रश्नाच्या जास्त जवळ आहे.

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे आपल्याकडचं आणखी एक गाजलेलं वाक्य. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठीने साधा वर्तमानकाळ वापरला, आणि ते तर्काला धरूनच आहे, कारण राहणं चालू आहे. जर्मन आणि फ्रेंच माणूसही इथे वर्तमानकाळच वापरतो. इंग्रजीला मात्र सुरुवातीपासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा दाखवायचा असतो, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’. इथे वेगळी वाट इंग्रजीची आहे, आपली नाही, हे विद्यार्थ्याला सांगितलं की त्याचा धीर वाढतो.

इथवर घटना केव्हा घडली याचा विचार झाला. दुसरा प्रश्न, ती आतून पाहायची की बाहेरून. ‘शी क्रॉस्ड द रोड’ म्हटलं की ओलांडणं पुरं झालं, आपण ते सबंध पाहिलं. ‘शी वॉज क्रॉसिंग द रोड’ म्हटलं की आपण रस्त्याच्या मधोमध आहोत. पलीकडे ती पोचली का, हे वाक्य सांगत नाही. पण ‘शी वॉज वॉकिंग’ असेल तर ती चालली हे नक्कीच. एकाच रूपाच्या दोन वाक्यांत हा फरक का पडतो? झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये क्रियापदांचे चार गट मांडले: स्थिती, चालू राहणारी कृती, शेवट असलेली कृती आणि क्षणात घडणारी गोष्ट. चालण्याला ठरलेला शेवट नाही, ओलांडण्याला आहे. माहीत असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत. त्यांना आत-बाहेर नसतंच, म्हणून इंग्रजी त्यांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाही.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही चूक मात्र मराठीच्या माथी मारता येणार नाही. ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असं कोणी म्हणत नाही. शाळेत ‘ॲम, इज, आर आणि आयएनजी’ हा साचा फार लवकर आणि फार घोटून घेतला जातो, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. मुलाच्या हाती एक छान चालणारं हत्यार आलं, ते तो सगळीकडे चालवतो.

मध्य प्रदेशातल्या मराठीत ‘काय करून राहिला?’ ऐकू येतं आणि पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. हसू नये. हिंदीच्या ‘कर रहा है’मध्येही ‘राहणं’च आहे, आणि चालू क्रिया दाखवायला राहणं, असणं, बसणं अशा जागेच्या क्रियापदांचा आधार घेणं ही जगातल्या कितीतरी भाषांची रीत आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ‘ही इज अ-हंटिंग’ सापडतं. त्यातला ‘अ’ म्हणजे ‘ऑन’चा अवशेष, शिकारीवर असलेला.

होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ ला वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा केल्या. अशा खेळीचं इंग्रजी समालोचन ऐकताना क्रियापदांकडे कान द्यावा. ‘सेहवाग ड्राइव्ज, अँड इट्स फोर!’ इथे ‘इज ड्रायव्हिंग’ येत नाही, कारण फटक्याच्या आत शिरून पाहायला वेळच नसतो. बोलणं आणि घडणं एकदम उरकतं. फिल्डर चेंडू आणायला धावतो तेव्हा मात्र ‘ही इज चेसिंग इट’ येतं. हिंदी समालोचक त्याच फटक्याला ‘और ये मारा!’ म्हणतो, मराठी माणूस ‘मारला!’ ओरडतो. समोरच्या एकाच फटक्याला इंग्रजी वर्तमान आणि आपण भूत वापरतो.

रूप एका काळाचं आणि अर्थ दुसऱ्याच काळाचा, हे पाणिनीने फार पूर्वी टिपलं होतं. संस्कृतच्या तीन भूतकाळांपैकी एक आजच्या दिवसाबाहेरचा, एक डोळ्यांआड घडलेल्या गोष्टींचा, हे त्याने सूत्रांत बांधलंच, शिवाय ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’ असंही सूत्र दिलं. वर्तमानाच्या अगदी जवळचं भूत किंवा भविष्य वर्तमानाच्या रूपाने सांगता येतं. उंबऱ्यात चप्पल घालताना आपण म्हणतो ते ‘येतो’ याच जातीचं. त्याचं लगेच पुढचं सूत्र ‘आशंसायां भूतवच्च’: ज्याची आस लागली आहे ते भविष्य भूतकाळाच्या रूपातही येतं. ‘पाऊस आला तर पेरणी होईल.’ पाऊस यायचाय, रूप मात्र ‘आला’. इंग्रजी तिथे ‘इफ इट रेन्स’ म्हणतं, वर्तमानाचं रूप घेतं. मुलं ‘इफ इट विल रेन’ लिहितात तेव्हा त्यांना एवढंच दाखवावं, की ‘तर’च्या आधी तू स्वतः मराठीत ‘येईल’ किती वेळा म्हणतोस?

भूतकाळाचं रूप अंतर दाखवायलाही कामी येतं. ‘इफ आय हॅड मनी’ यात भूतकाळाचा काही संबंध नाही; पैसे आत्ता नाहीत, वास्तवापासून ते दूर आहेत. ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’ यात इच्छा आत्ताचीच, पण बोलणारा अदबीने एक पाऊल मागे सरकलाय. बँकेच्या खिडकीशी आपणही ‘मला जरा विचारायचं होतं’ म्हणतो. इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात.

उरला भविष्यकाळ. काटेकोर बोलायचं तर इंग्रजी क्रियापदाला भविष्याचं रूपच नाही. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, आपल्या ‘चालेन’सारखं काही होत नाही. ‘विल’ मूळचं ‘इच्छिणे’, ‘शॅल’ मूळचं ‘देणं लागणे’, आणि ‘गोइंग टु’ तर सरळ ‘जाणे’. हिंदीच्या ‘करेगा’मधला ‘गा’सुद्धा संस्कृत ‘गत’पासून आला असं मानतात, त्यातही जाणंच आहे. आणि ‘विल’ नेहमी उद्याबद्दल बोलतं असंही नाही. दार वाजलं की ‘दॅट विल बी द मिल्कमन’, आपलं ‘दूधवाला असेल’.

‘विल’ आणि ‘गोइंग टु’ यांत निवड कशी करायची, हे शिकवताना मराठी फार उपयोगी पडते. जूनमध्ये माळव्यावर काळे ढग दाटले की इंग्रज ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणेल, कारण पुरावा समोर दिसतोय. पुढच्या आठवड्याबद्दल नुसता अंदाज असेल तर ‘आय थिंक इट विल रेन’. आपण ढगांकडे पाहून ‘पाऊस येणार’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्याबद्दल ‘येईल बहुतेक’. ‘येणार’ तिथे ‘गोइंग टु’, ‘येईल’ तिथे ‘विल’. ही जोडी प्रत्येक ठिकाणी जुळत नाही, पण सहावी-सातवीच्या मुलाला सुरुवात करायला पुरते.