एमसीबी वायरीसाठी असते

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि राजवाड्याभोवतीच्या बाजारात एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारे खटके, पडायला लागतात. खाली साड्यांचं दुकान, वर दवाखाना, त्याच्यावर क्लास, आणि जिन्याखाली सगळ्यांची मीटरं. दुपारी दुसरा एसी सुरू झाला की खटका पडतो. दुकानदार वायरमनला सांगतो, "भैया, 16 अँपिअरची काढून 32ची टाका." काम पाच मिनिटांचं, पण अतिशय घातक.

एमसीबी एसीला वाचवायला नसते. ती भिंतीतल्या वायरीला वाचवते. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा 70 अंशांची. त्यापुढे ते कडक होतं, तडकतं आणि शेवटी वितळतं.

एमसीबीच्या पोटात दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची पट्टी. जास्त प्रवाहाने ती तापून हळूहळू वाकते आणि खटका पाडते. दुसरा म्हणजे तारेची गुंडाळी. शॉर्टसर्किट झालं की ती चुंबक होऊन तत्क्षणी खटका ओढते. 'सी' प्रकारच्या एमसीबीत हे तिच्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या 5 ते 10 पटींना होतं. पट्टीला मात्र मुद्दाम सवड दिलेली असते. मानकाप्रमाणे 1.13 पट प्रवाहाला तिने तासभर पडायचं नाही, 1.45 पटीला तासाच्या आत पडायचंच.

आता हिशेब करा. पाइपातून गेलेली अडीच एमएमची (अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर साधारण 20 अँपिअर सोसते. तिच्यावर 32ची एमसीबी बसवली, तर 36 अँपिअर तासभर वाहिले तरी खटका पडणार नाही. वायरीत उष्णता तिपटीहून जास्त! आणि ती वायर एकट्या दुकानाची असली तरी शाफ्टमध्ये, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, दवाखान्याच्या, क्लासच्या वायरींना चिकटून गेलेली असते. आग लागली तर ती त्याच वाटेने चढते, वर मुलं बसलेली असतात.

मे महिन्यातच एमसीबी जास्त का पडते? पट्टीचं माप 30 अंश तापमान धरून ठरवलेलं असतं. जिन्याखालच्या कोंदट पेटीत ती आधीच तापलेली, म्हणून लवकर वाकते. हा बिघाड नव्हे, कारण त्या उकाड्यात वायरीचीही सोसण्याची ताकद घटलेली असते.

दुसरी तक्रार उलटी असते: एका दुकानात शॉर्ट झाला आणि सगळी इमारत अंधारात गेली. हजारो अँपिअरचा तो प्रवाह दुकानाच्या एमसीबीतून आणि सगळ्या इमारतीच्या मेन ब्रेकरमधून, म्हणजे मुख्य खटक्यातून, एकाच वेळी जातो. दोघांच्याही तत्क्षणी पडण्याच्या मर्यादा ओलांडल्या तर दोघेही पडतात. मेन ब्रेकर अंमळ थांबेल असा लावता येतो, सेकंदाच्या दहाव्या भागाइतका. तेवढ्यात खालची एमसीबी आपलं काम उरकते आणि दवाखान्याचे दिवे चालू राहतात. मात्र तेवढा वेळ तो प्रवाह सोसणारा ब्रेकर आणि पॅनल हवं. ते गणित पॅनल बनवतानाच करून घ्यावं.

दुसरा एसी हवाच असेल, तर त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी वायर आणि वेगळी एमसीबी घ्या. मंजूर लोडही वाढवून घ्या. खर्च होईल, दोन दिवस भिंतीची धूळ सोसावी लागेल. जुन्या वायरीवरची 16ची एमसीबी आहे तिथेच राहू द्या.