नव्या ओळखीत लैंगिक कल सांगणे

समलिंगी किंवा उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचेही आकर्षण वाटणाऱ्या) व्यक्तीने सहकारी, शेजारी, घरमालक, डॉक्टर अशा नव्याने भेटलेल्या माणसांना आपला लैंगिक कल सांगणे अथवा न सांगणे. बोलताना याला ‘कम आउट होणे’ म्हणतात. आईवडिलांना एकदा सांगितले की विषय संपला, हा समज चुकीचा आहे. नोकरी, घर किंवा गाव बदलले की निर्णय नव्याने घ्यावा लागतो.

भिन्नलिंगी माणसाला हा प्रश्न पडत नाही. ‘मिसेस माहेरी गेल्यात’ एवढ्या वाक्यात त्याचा कल समोरच्याला कळलेला असतो. मराठी माणसांच्या पहिल्या भेटीत गाव आणि नोकरीपाठोपाठ ‘लग्न झालं का?’ हे बहुधा येतेच, आणि ‘नाही’ म्हटले की स्थळे सुचवली जातात. मग जोडीदाराला ‘मित्र’ किंवा ‘रूममेट’ म्हणणे आले, लग्न लांबण्याची कारणे शोधणे आले आणि कोणाला काय सांगितले ते लक्षात ठेवणेही आले. ‘सांगायची गरजच काय?’ असे विचारणाऱ्यांना ही रोजची ओढाताण दिसत नाही.

भारतात पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका मासिकातील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले. १९९० मध्ये त्यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी व्यक्तींसाठीचे नियतकालिक सुरू केले. त्या काळी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होते. लैंगिक कल हा खासगीपणाचा अविभाज्य भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी म्हटले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. खासगी नोकरी किंवा भाड्याचे घर यांत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र नाही. त्यामुळे घराचा करार होईपर्यंत गप्प राहणाऱ्याला भित्रा ठरवणे अन्यायाचे आहे.

सांगायचे की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. दुसऱ्याने परस्पर सांगून टाकल्याने काय होऊ शकते, हे रामचंद्र सिरस यांच्या बाबतीत दिसले. सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून त्यांचे एका पुरुषासोबत चित्रीकरण केले आणि विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरातच ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले.

प्रत्यक्षात बहुतेक जण आधी चाचपणी करतात. एखाद्या बातमीचा विषय काढून समोरचा काय बोलतो ते पाहतात. मग विश्वासातल्या एकालाच सांगतात आणि पुढे बोलू नये असेही बजावतात. डेटिंग अ‍ॅपवर क्रम उलटा असतो: कल आधीच ठाऊक असतो, नाव आणि चेहरा झाकलेला. घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळणारे याच झाकलेपणाचा फायदा घेतात, म्हणून पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याचा सल्ला दिला जातो.