प्रकाश-द्रव्य आंतरक्रियेवर सैद्धांतिक पीएचडी: पात्रता, परीक्षा, कागदपत्रं आणि मुलाखत

प्रवेशअर्जात ‘प्रकाश-द्रव्य आंतरक्रिया’ (प्रकाश आणि अणू-रेणू-घनपदार्थ एकमेकांवर काय परिणाम करतात) हा विषय शोधत बसू नका, सापडणार नाही. संस्थेच्या लेखी तुम्ही ‘भौतिकशास्त्र’ या विषयासाठी अर्ज करता. उपशाखेचा रकाना असलाच तर तिथे क्वांटम ऑप्टिक्स, अणू-रेणू आणि प्रकाशीय भौतिकी, घनद्रव्य भौतिकी, क्वांटम माहिती किंवा अतिजलद प्रक्रिया यांपैकी काहीतरी असतं. प्रकाश-द्रव्यावर काम करणारा गाइड यांतल्या कुठल्याही गटात बसलेला असू शकतो. पोलॅरिटॉनचा, म्हणजे प्रकाश आणि द्रव्यातली उत्तेजना मिळून होणाऱ्या संमिश्र कणाचा, सिद्धांत मांडणारे बरेचदा घनद्रव्यवाल्यांत असतात, तीव्र लेसरमध्ये अणूचं काय होतं ते गणित करणारे दुसरीकडेच. म्हणून आधी गाइड शोधा, मग संस्था, आणि त्या संस्थेला लागते ती परीक्षा. बहुतेक जण हे नेमकं उलटं करतात.

आता पात्रता. विद्यापीठांना यूजीसीची २०२२ची नियमावली लागू आहे. दोन वर्षांची एमएस्सी केलेल्यांना ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. मोठ्या संशोधन संस्था किमान गुणांची अट स्वतः ठरवतात, त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच.

परीक्षांचे रस्ते तीन-चार आहेत. सैद्धांतिक भौतिकीवाल्यांसाठी जेस्ट ही अनेक संशोधन संस्थांची संयुक्त चाळणी परीक्षा सगळ्यात सोयीची: रामन रिसर्च इन्स्टिट्यूट, अहमदाबादची पीआरएल, हरिश्चंद्र संस्था, चेन्नईची आयएमएससी, बंगळुरूची आयसीटीएस अशा संस्था तिचे गुण धरतात. यातल्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये तर प्रकाश आणि द्रव्य या नावाचाच गट आहे. पण जेस्टचा चांगला रँक म्हणजे प्रवेश नव्हे. निकालानंतर किंवा त्याआधीच प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो. आयआयटींमध्ये तो कामी येतो.

सीएसआयआर-नेट या फेलोशिप आणि प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचं गणित थोडं वेगळं. २०० गुण, ३ तास. तिसऱ्या भागात ३० पैकी कुठलेही २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ५ गुण. जेआरएफचा (कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा) निकाल बहुधा इथेच लागतो. जेआरएफ मिळालं तर फेलोशिप तुमच्या नावावर येते आणि गाइडचा अर्धा प्रश्न सुटतो: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ न मिळता ‘फक्त पीएचडी’ गटात पात्र ठरलात, तर विद्यापीठ तुमच्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार देतं. ते गुण एकच वर्ष चालतात, हे लक्षात ठेवा.

आणखी एक दार म्हणजे गाइडच्या प्रकल्पातलं जेआरएफ पद. २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे अशा जाहिराती निघतात. आयआयटी मुंबईकडे त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आहे. मात्र रुजू होण्याआधी विचारून घ्या की पीएचडीची नोंदणी होणार आहे का आणि कधी. प्रकल्प संपला आणि नोंदणी झालीच नाही, अशी उदाहरणं आहेत.

कागदपत्रांत गुणपत्रकं, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, परीक्षेचं स्कोअरकार्ड, दोन-तीन शिफारसपत्रं आणि नोकरी असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र एवढं सगळीकडे लागतं. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून वेळेत काढा. महाराष्ट्रातल्या मुलांची गाडी अडते ती नॉन-क्रीमी लेयरवर. केंद्रीय संस्थेला केंद्र सरकारच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हवं असतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. शिवाय तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असायला हवी. राज्याच्या यादीत आहे एवढ्यावर भागत नाही. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं हवं. सेतू केंद्रात फक्त ‘नॉन-क्रीमी लेयर पाहिजे’ म्हटलंत तर राज्याचा नमुना हातात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘केंद्राचं’ हे सांगूनच अर्ज भरा.

संशोधनाचं निवेदन मागितलं तर ‘लहानपणापासून प्रकाशाचं कुतूहल’ हे वाक्य गाळा. त्याऐवजी एक गणित दाखवा, तुम्ही स्वतः केलेलं. उदाहरणार्थ, १९६३चं जेन्स-कमिंग्ज मॉडेल: दोन पातळ्यांचा एक अणू, पोकळीतला प्रकाशाचा एकच मोड (कंपनाचा एक ठरावीक प्रकार). अनुनादावर एकच उत्तेजन असताना दोन संयुक्त पातळ्यांमध्ये २ एचबार जी एवढं अंतर पडतं (जी म्हणजे अणू आणि प्रकाश यांच्या जोडणीची तीव्रता, एचबार म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २ पाय). मग पुढचा प्रश्न स्वतःच विचारा की हे अंतर वर्णपटात दिसेल कधी. पोकळीतून फोटॉन गळण्याचा आणि अणूच्या ऱ्हासाचा दर जीपेक्षा बराच कमी असेल तेव्हाच. ऱ्हास धरून अवस्था कशी बदलते ते सांगणारं लिंडब्लाड समीकरण पायथनमध्ये सोडवून, ऱ्हास वाढवत नेल्यावर ती दोन शिखरं एकात कशी मिसळतात याचा एक आलेख जोडलात, तर दोन पानी निवेदनापेक्षा तो जास्त बोलतो.

मुलाखतीत इथूनच खोदायला सुरुवात होते. फिरत्या तरंगाचं सन्निकटन (रोटेटिंग वेव्ह, म्हणजे वेगाने दोलणारी पदं सोडून देणं) का केलं? जी वाढत जाऊन मोडच्या वारंवारतेच्या दहाव्या भागाच्या घरात गेला तर ते टिकेल का? टिकत नाही, आणि तिथे दोनच पातळ्या धरल्या तर कूलॉम गेज आणि द्विध्रुव गेज (तेच गणित मांडायच्या दोन पद्धती) वेगवेगळी उत्तरं देऊ लागतात. हे माहीत असणाऱ्याकडे परीक्षक लगेच सरसावून बसतात. तीव्र लेसरच्या बाजूला जायचं असेल तर लेसर अणूतून इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने काढतो ते सांगणारा केल्डिशचा १९६४चा निकष तयार ठेवा: तो १पेक्षा बराच जास्त असेल तर अनेक फोटॉन शोषून आयनीकरण, बराच कमी असेल तर टनेलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या अडथळ्यातून आरपार निसटतो. पाठ केलेली व्याख्या दोन मिनिटांत उघडी पडते; एखादं पद कुठून आलं ते फळ्यावर काढून दाखवता आलं पाहिजे. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा आणि कुठपर्यंत येतं ते सांगा.

गाइडला ईमेल प्रवेशअर्जाच्या आधीच करा. त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध वाचून त्यातल्या एका समीकरणाबद्दल प्रश्न विचारा आणि यंदा जागा आहे का तेही सरळ विचारा. यूजीसीच्या नियमात प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘जागा नाही’ हे उत्तर अनेकदा खरंच असतं.

युरोपचा विचार असेल तर तिथे हा बहुतेक वेळा प्रवेश नसतो, नोकरीची जाहिरात असते: ठरलेला प्रकल्प, ठरलेला पगार, अर्ज थेट गटाकडे. मेरी स्क्वोडोव्स्का-क्यूरी डॉक्टरल नेटवर्कची (युरोपीय संघाच्या निधीवरच्या पीएचडी कार्यक्रमाची) जागा असेल तर आणखी एक अट तपासा. नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. जर्मनीत दोन वर्षांची एमएस्सी करून लगेच जर्मनीतल्याच अशा जागेला अर्ज केला, तर तो याच अटीवर बाद होतो.