दचकणे म्हणजे भिणे नव्हे

आषाढातल्या एका शनिवारी खानापूर तालुक्यातील आत्याच्या घरी आम्ही चौघांनी एका भयपटाचा दुसरा भाग टीव्हीवर पाहिला. बाहेर पावसाची झड लागलेली होती. पहिला भाग पाहिल्यावर माझ्या भाच्याने आणि भाचीने रात्रभर दिवा चालू ठेवला होता, त्यामुळे दुसऱ्याकडून सर्वांच्याच मोठ्या अपेक्षा होत्या. त्या पुऱ्या झाल्या नाहीत. भाच्याचे म्हणणे असे की दोष घरी पाहण्याचा आहे. चित्रपटगृहात कानठळ्या बसवणारा आवाज मिळाला असता, तर आपण नक्की घाबरलो असतो. आत्या मात्र आमच्या बेळगाव भागातील बायका बोलतात तसे एवढेच म्हणाली, "भ्यालो नाही रे, नुसतं दचकलो." शरीरशास्त्राच्या दृष्टीने आत्याचे म्हणणे अधिक अचूक आहे.

हा चित्रपट 'फाउंड फुटेज' प्रकारातला होता. आपण पाहत आहोत ते चित्रण कथेतल्याच कोणाच्या तरी हातातील कॅमेऱ्याने किंवा घरातल्या सीसीटीव्हीने टिपलेले आहे आणि नंतर कोणाला तरी सापडले आहे, असा या प्रकाराचा बहाणा असतो. त्यामुळे पार्श्वसंगीताला तिथे जागा नसते आणि शांतता हेच दिग्दर्शकाचे मुख्य हत्यार ठरते. पहिल्या भागात रिकामे स्वयंपाकघर बराच वेळ तसेच दिसत राही आणि मग एखादे दार इंचभर सरके. दुसऱ्या भागात त्याऐवजी धमाके होते. भाचीने मोजले, ते १७ भरले.

अचानक मोठा आवाज झाला की शरीरात काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. आवाजाचा संदेश अंतःकर्णातून श्रवणचेतेमार्गे मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात, शिरतो. आवाज कशाचा, कुठून आला, धोक्याचा आहे की नाही, हे ठरवणारे मेंदूचे बाह्यक अजून बरेच वर असते. पण दचकण्याचा मार्ग तिथपर्यंत जातच नाही. मस्तिष्कस्तंभाच्या पॉन्स नावाच्या भागात काही आकाराने मोठ्या चेतापेशी आहेत. त्या हा संदेश घेतात आणि लांब तंतूंवाटे थेट मज्जारज्जूतील स्नायू हलवणाऱ्या पेशींकडे पाठवतात. मध्ये इतके थोडे टप्पे असल्यामुळे माणसाच्या पापणीचे स्नायू आवाजानंतर ३० ते ५० मिलिसेकंदांत आकसतात आणि पाठोपाठ मान आखडते, खांदे वर उचलले जातात. आवाज ऐकून मुद्दाम एखादे बटण दाबायचे म्हटले, तर चपळ माणसालाही सुमारे १५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण दचकलो हे आपल्याला कळते, तेव्हा दचकणे बरेचसे उरकलेले असते. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट यांनी पिस्तुलाच्या बाराला माणसे कशी प्रतिसाद देतात याचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि १९३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीबाराची सवय असलेल्या पोलिसांचीही पापणी मिटतच होती.

या यंत्रणेला आवाजाच्या मोठेपणाइतकीच त्याच्या चढणीची पर्वा असते. चोर्ला घाट चढणारी बस हळूहळू जवळ येते तेव्हा तिचा आवाज कितीही वाढला तरी कोणी दचकत नाही. तिनेच पाठीमागे येऊन एकदम हॉर्न वाजवला, तर अंग शहारते. काही मिलिसेकंदांत शिखर गाठणारा आवाजच त्या मोठ्या पेशींना पुरेसा एकवटून चेतवतो.

याच यंत्रणेचा एक गुणधर्म मला सर्वांत विलक्षण वाटतो आणि त्याला शास्त्रज्ञ 'प्रीपल्स इनहिबिशन' म्हणतात. मोठ्या आवाजाच्या सुमारे एक दशांश सेकंद आधी एखादा बारीक आवाज झाला, जो स्वतः कोणालाही दचकवणार नाही इतका क्षीण असला तरी, मोठ्या आवाजाचे दचकणे लक्षणीय कमी होते. हे शिकून येत नाही, पहिल्याच वेळेला घडते. बारीक आवाजाचा संदेश मध्यमस्तिष्कातील कॉलिक्युलस या जोडगोळ्यांतून पेडंक्युलोपॉन्टाइन केंद्रक या मस्तिष्कस्तंभातल्याच चेतापेशींच्या गटाकडे जातो आणि तिथून पॉन्समधील त्या मोठ्या पेशींवर थोडा वेळ लगाम बसतो. आलेला पहिला संदेश नीट उलगडेपर्यंत दुसऱ्याने गोंधळ घालू नये, अशी ती व्यवस्था आहे, असे मानले जाते. आता आमच्या चित्रपटाकडे पाहा. प्रत्येक धमाक्याच्या ऐन तोंडावर कॅमेरा बिघडल्याची निसटती 'खर्र' अशी खरखर येत होती. दिग्दर्शकाला ती भेसूर वाटली असेल, पण प्रेक्षकाच्या मस्तिष्कस्तंभाला तिने आधीच सावध केले असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय तोच तो धमाका पुन्हा पुन्हा ऐकला की या पेशींचा प्रतिसाद सरावाने ओसरतो, हेही प्रयोगशाळेत अगणित वेळा दिसलेले आहे. सतराव्या वेळी आत्याने मान वरही केली नाही.

मग भीती या चित्रात येते कुठे? १९५१ मध्ये ब्राउन, कॅलिश आणि फार्बर या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग मांडला. ज्या खुणेबरोबर विजेचा झटका बसतो हे उंदीर शिकले होते, ती खूण समोर असताना मोठा आवाज केला, तर ते एरवीपेक्षा कितीतरी जोराने दचकत. पुढे मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगांतून दिसले की भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाकडून पॉन्समधील त्याच पेशींपर्यंत संदेश पोहोचतात आणि त्यांचा प्रतिसाद वाढवतात. याचा अर्थ भीती आणि दचकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मात्र पहिली दुसरीला फुगवते. पहिल्या भागातल्या लांबलचक शांततेने आमच्या मनात आधी धास्ती रुजवली होती, म्हणून इंचभर सरकलेले दारही पुरे पडले. दुसऱ्या भागात ती मशागतच नव्हती. चित्रपटगृहातल्या मोठ्या आवाजाने आम्ही थोडे अधिक दचकलो असतो, भ्यालो नसतो.

भाच्याने मोबाइलवर वाचलेला आणखी एक दावा पुढे केला: कानाला ऐकू न येणारा १९ हर्ट्झचा आवाज सोडला की माणसाला भूत दिसते. या कल्पनेचे मूळ व्हिक टँडी या ब्रिटिश अभियंत्याच्या १९९८ मधील एका लेखात आहे. प्रयोगशाळेतील पंख्यामुळे निर्माण झालेल्या अशा कंपनांशी त्याने आपल्याला झालेल्या भासाचा संबंध जोडला होता. एका खोलीतील एका अनुभवावरून जगभरच्या भुतांचा हिशेब लावणे हे विज्ञान नव्हे, आणि घरच्या टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून १९ हर्ट्झचा आवाज जवळजवळ निघतच नाही. भुतांच्या जुन्या समजुतीच्या जागी हर्ट्झची नवी समजूत बसवून काही साधत नाही. आमच्या जिल्ह्यात याबाबत एक धीट परंपरा घडली आहे. यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी यांनी बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम भरवले आणि स्वतः तिथे रात्री मुक्काम केला. स्मशानात माणूस दचकणारच, कारण वाळलेली फांदी कुठेही मोडते. तिथे काही नसते हे मात्र राहून पाहिल्यावरच कळते.

चित्रपट संपण्यापूर्वीच वीज गेली. आम्ही शेवटाविषयी बोलत अंधारात बसलो होतो, आणि साधारण अर्ध्या तासाने परसातला फणस गोठ्याच्या पत्र्यावर पडला. चौघेही असे उडालो की आत्याच्या हातातली बशी फुटली. १७ धमाक्यांनी जे केले नाही ते एका फणसाने केले. त्याची आधी खरखर आली नव्हती, एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही. १९९७ मध्ये क्रिस्तियान ग्रियों आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अंधारात माणसाचे दचकणे प्रकाशातल्यापेक्षा वाढते. त्याच वर्षी वॉकर आणि डेव्हिस यांना उंदरांत नेमके उलट आढळले: निशाचर असलेला उंदीर लख्ख प्रकाशात अधिक दचकतो. ज्याला ज्या वेळी शत्रू दिसत नाही किंवा आपण शत्रूला दिसतो, त्या वेळी त्याची यंत्रणा ताणलेली राहते. भाच्याने टॉर्च घेऊन परसात फेरी मारली. पत्र्याला पोचा आला होता, फणस उकलला होता, आणि गऱ्यांभोवती दोन उंदीर आधीच जमले होते. उजेड पडताच ते पळाले.